अक्षरी रुपये : इंग्रजी आकड्यांचं स्पेलिंग असं वाकडं का?

आमच्या बचत गटाने मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव, गटाची सचिव मी, त्यामुळे यवतमाळच्या दुकानदाराचा चेक लिहायचं काम माझ्याकडे आलं. रक्कम होती ४४,९१४ रुपये. आकड्यांत लिहायला क्षणही लागला नाही. अक्षरी लिहायला घेतलं आणि पहिल्याच शब्दाला घोळ झाला. फोर्टी लिहिताना मी एफ-ओ-यू-आर असं लिहून गेले. चूक ध्यानात आली तसा यू खोडला आणि बाजूला सही केली.

बँकेने तो चेक घेतला नाही. स्पेलिंग चुकलं म्हणून नाही, खाडाखोड होती म्हणून. आता चेक स्कॅन होतो आणि त्याच्या चित्रावरून पैसे वळते होतात. या पद्धतीत तारखेची दुरुस्ती सोडली तर चेकवर कुठलीच खाडाखोड चालत नाही, नवा चेक फाडावा लागतो. नव्या चेकवर अध्यक्षबाईंची सही हवी, त्या कापूस वेचायला गेलेल्या. त्यांची सही होऊन, पुन्हा तालुक्याला जाऊन यंत्र घरी यायला आठवडा गेला.

मी तो रद्द झालेला चेक घेऊन ओट्यावर बसले होते. शेजारची पाचवीतली पोरगी येऊन वाकून पाहायला लागली. म्हणाली, "काकू, चारमंदी यू हाये, चौदामंदी यू हाये, मंग चाळीसमंदीच काऊन नाई वो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या एकाच ओळीत हे तिन्ही शब्द होते: फोर्टी-फोर थाउजंड नाइन हंड्रेड अँड फोर्टीन. पहिल्यात यू नाही, दुसऱ्यात आहे, शेवटच्यात पुन्हा आहे. तिला "पाठ कर" म्हणून सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी शोधायला लागले, वाचायला लागले, आणि जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. गावातली पोरं इंग्रजी आकड्यांच्या स्पेलिंगला घाबरतात, आणि त्यांना वाटतं की आपलंच डोकं कमी आहे. तसं नाही.

आधी अक्षरी रकमेला एवढा मान का, ते पाहू. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आजही लागू आहे. त्याचं १८ वं कलम सांगतं की आकड्यांतली रक्कम आणि अक्षरांतली रक्कम वेगवेगळी असेल, तर अक्षरांतली खरी धरायची. आकड्यापुढे एक शून्य वाढवायला वेळ लागत नाही, पण 'चार हजार'चं 'चाळीस हजार' करायला कागदावर जागा हवी आणि हातात कसब हवं. ओळीच्या शेवटी आपण 'फक्त' लिहितो तेही यासाठीच, पुढे कोणाला काही जोडता येऊ नये. प्रत्यक्षात दोन्हींत फरक दिसला की बँक बहुतेक वेळा चेक परत करते. तरी कायद्याच्या लेखी वजन अक्षरांचं आहे.

आता स्पेलिंगकडे येऊ. यातली खरी गोष्ट समजायला आपला सातबारा कामी येतो. (गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. आपल्या शेताच्या कागदाचं नावच दोन आकड्यांचं आहे.) कित्येक घरांत सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव असतं. पणजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली, शेत नातू कसतो, पण फेरफार झालेला नाही. कागद खोटा नसतो. तो एके काळी खराच होता, फक्त मागे राहिला.

इंग्रजी स्पेलिंगचं हुबेहूब असंच झालं. जुन्या काळी इंग्रज माणूस जसं बोलायचा साधारण तसंच लिहायचा. गावागावाचा उच्चार वेगळा, म्हणून लिहिणंही वेगळं. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छपाई वाढली तशी शब्दांची रूपं हळूहळू ठरत गेली. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा मोठा शब्दकोश आला आणि त्यांच्यावर शिक्का बसला. पण नेमक्या याच दोन-तीन शतकांत इंग्रजीचे स्वर सरकत होते, काही व्यंजनं बोलण्यातून गळत होती. जीभ पुढे गेली, कागद तिथेच राहिला, फेरफार झालाच नाही.

आठ घ्या. ई-आय-जी-एच-टी. यातला जी-एच कशाला? पोरं विचारतात आणि मास्तर सांगतात, 'सायलेंट आहे'. पण तो पूर्वी सायलेंट नव्हता. घशात घासून निघणारा, आपल्या 'ख'च्या जवळचा तो आवाज होता. इंग्रजीची बहीण जर्मन, तिच्यात आठाला अजून 'आख्ट' म्हणतात. आता आपल्याकडे पाहा. संस्कृतात 'अष्ट'. म्हणजे इंग्रजीत जिथे जी-एच बसला आहे, तिथेच संस्कृतात 'ष' बसला आहे. दोन्ही एकाच जुन्या आवाजाची लेकरं. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं जाहीर भाषणात मांडलं. इंग्रजीही त्याच कुळातली. आकडे हा त्या नात्याचा सगळ्यांत सोपा पुरावा आहे: सप्त आणि सेव्हन, नव आणि नाइन, त्रि आणि थ्री.

आणि आपण काय केलं? आपल्याही तोंडातून 'अष्ट'मधला 'ष' गेला. पण आपण लगेच लिहिणंही बदललं, 'आठ' लिहायला लागलो. आपण फेरफार करून घेतला. इंग्रजांनी पणजोबांचं नाव तसंच ठेवलं. एवढाच फरक आहे, आणि तो कळला की जी-एच पाहून राग येत नाही.

एक आणि दोनची जोडी तर मला फार आवडते. दोन लिहायचं टी-डब्ल्यू-ओ, पण म्हणायचं 'टू'. डब्ल्यू लिहिला आहे, बोलला जात नाही. एक लिहायचं ओ-एन-ई, पण म्हणायचं 'वन'. व बोलला जातो, लिहिला नाही! पोरगी म्हणाली, "म्हंजे एकाचा डब्ल्यू दोनाच्या घरी जाऊन बसला." झालं ते असं. दोनाचा जुना उच्चार 'ट्वा'सारखा होता. तो व ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन या शब्दांत अजून जिवंत आहे, फक्त 'टू'मध्ये गळाला. एकाचा जुना उच्चार 'ओन'सारखा होता, 'ओन्ली' आणि 'अलोन'मध्ये तो आजही ऐकू येतो. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या बोलीत त्याच्यापुढे व लागला, तो उच्चार सगळीकडे पसरला, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं.

इथेही आपलं घर तपासून पाहा. संस्कृतातल्या 'द्वि'मधला व आपल्या 'दोन'मध्ये दिसत नाही. पण 'द्वादश'चं 'बारा' झालं, तिथे तो व 'ब' होऊन टिकला. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, सगळीकडे हा ब म्हणजे जुन्या दोनातला व आहे. इंग्रजी दोनात हरवलेला डब्ल्यू इंग्रजी बारात सापडतो आणि मराठी दोनात हरवलेला व मराठी बारात. हे मला कळलं त्या दिवशी मी भाजी फोडणीला टाकायची विसरले होते.

अकरा आणि बारा इंग्रजीत 'टीन' का घेत नाहीत, हाही पोरांचा नेहमीचा प्रश्न. तेरापासून थर्टीन, फोर्टीन सुरू होतं, मग वनटीन, टूटीन का नाही? हे मी तिला चिंचोक्यांनी दाखवलं. अकरा चिंचोके ओट्यावर टाकले. म्हटलं, दहा उचल. किती उरले? एक. इलेव्हनचा जुना अर्थ हाच, 'एक उरला'. बारा टाकले, दहा उचलले, दोन उरले: ट्वेल्व्ह म्हणजे 'दोन उरले'. शब्दातला 'ल्व्ह' हा त्या उरण्याचाच तुकडा आहे. मग मी एकोणीस चिंचोके मोजून टाकले. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, एक कमी वीस. त्यांचे जुने लोक मागच्या दहाकडे पाहून उरलेलं मोजत होते, आपले लोक पुढच्या विसाकडे पाहून कमी पडलेलं मोजत होते. तेरापुढे त्यांनी सरळ तीन-दहा, चार-दहा असं जोडायला सुरुवात केली. 'टीन' म्हणजे टेनच.

थर्टीनमध्ये थ्री नीट का दिसत नाही? कारण 'र' आणि स्वर यांनी जागा बदलली. थ्री, पण थर्ड, थर्टीन, थर्टी. 'बर्ड' या शब्दाचंही असंच झालं, तो पूर्वी 'ब्रिड' होता. आपण नाही का नुकसानला 'नुस्कान' म्हणत आणि मतलबला 'मतबल'? तीच जिभेची सवय. इंग्रजांनी नुस्कान छापून टाकलं आणि तेच बरोबर ठरलं.

फाइव्ह असताना फिफ्टीन, फिफ्टी का, यावर मात्र मराठी माणसाने तक्रार करूच नये. पुढे ट आला की व्हचा फ होतो आणि स्वर आखूड होतो, एवढंच तिथे घडतं. आपल्याकडे पाच, पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न, पासष्ट. एका पाचाची इतकी रूपं आपलं पोर सातव्या-आठव्या वर्षी तोंडपाठ करतं. तीनचं तर विचारूच नका: तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. इंग्रजीत वीसनंतर नव्व्याण्णवपर्यंत एकही नवा वळसा नाही, ट्वेंटीला वन-टू जोडत जायचं आणि मध्ये छोटी आडवी रेघ द्यायची. मराठीत शंभरातले जवळजवळ सगळे शब्द एकेक करून शिकावे लागतात.

यावरून २०१९ च्या जूनमध्ये मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं होतं की लिहिताना पोर आधी दोन लिहितं आणि मग एक, बोलताना मात्र आधी एक म्हणतं आणि मग वीस, त्यात जोडाक्षरं, म्हणून लहान पोरं गोंधळतात. लोकांनी पुष्कळ टीका केली. मला स्वतःला एकवीस सोडवणार नाही, पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी आहे, मी ती आमच्या ओट्यावर रोज पाहते. गंमत अशी की जुन्या इंग्रजीतही चोवीसाला 'चार आणि वीस' म्हणत, आपल्यासारखंच. जर्मन अजून तसंच म्हणतात. इंग्रजांनी पुढे क्रम उलटा केला, पण टीनचे आकडे जुन्या क्रमाने राहिले: फोर्टीनमध्ये आधी चार आणि मग दहा.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे, फोर्टीतल्या यूकडे. जुन्या लिखाणात चाळीस यू घालूनही लिहिलेला सापडतो आणि यू न घालताही. जॉन्सनच्या काळाच्या आसपास यू नसलेलं रूप पक्कं झालं. चार आणि चौदा यांचं यू असलेलं रूप टिकलं. दोन भावांनी सातबाऱ्यावर आडनाव एका पद्धतीने लिहिलं आणि तिसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने, तसं समजा. ध्यानात ठेवायला एक सोपी खूण आहे. एफ, ओ, आर, टी, वाय ही अक्षरं एबीसीडीच्या क्रमानेच येतात. आकड्यांच्या सगळ्या इंग्रजी नावांत असं एकटं फोर्टीच आहे. यू घातला की तो क्रम मोडतो. आणि अगदी उलट्या क्रमाने येणारा एकच आकडा आहे: ओ, एन, ई.

बाकी चुका पटकन सांगते, कारण चेकवर आणि फॉर्मवर त्याच त्या होतात. नाइनमधला शेवटचा ई नाइन्टीन आणि नाइन्टीमध्ये राहतो, पण नाइन्थमध्ये जातो. एट्टीला आणि एटीनला एकच टी. ट्वेल्फ्थमध्ये व्ही नाही, एफ आहे. हंड्रेडमध्ये ए कुठेच नाही. त्यातला 'हंड' आणि आपला 'शत' हे एकाच मुळाचे, आणि शेवटच्या 'रेड'चा अर्थ गणती. थाउजंडच्या शेवटी ए-एन-डी. त्यात तोच 'हंड' लपला आहे, आणि फुगलेलं शंभर, मोठं शंभर असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. फर्स्ट हा वनपासून आलेला नाही, पण आपला 'पहिला'ही 'एक'पासून कुठे आला आहे?

'अँड'चं एक सांगायला हवं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. आपल्याकडे ब्रिटिश पद्धतीने 'सेव्हन थाउजंड फाइव्ह हंड्रेड अँड ट्वेंटी-वन' लिहितात. अमेरिकेत तो अँड गाळतात. चेकवर अँड असला काय आणि नसला काय, रक्कम तीच राहते. पण बोलताना फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फार जपा. टीन म्हणताना जोर शेवटी येतो, टी म्हणताना सुरुवातीला. फोनवर कोणी 'सेव्हन थाउजंड फिफ्टी' म्हणालं तर "पन्नास की पंधरा?" असं मराठीत विचारून घ्यावं. क्विंटलमागे पस्तीस रुपयांचा प्रश्न असतो.

आणि लाख, कोटी. हे दोन्ही आपल्याकडून इंग्रजीत गेले. लाखाचं स्पेलिंग रिझर्व्ह बँक एल-ए-के-एच असं वापरते, तेच लिहावं. एल-ए-सी म्हणजे झाडावरची लाख, जिच्या बांगड्या होतात. कोटीला इंग्रजीत क्रोर म्हणतात. शून्यापासून पुढे इंग्रजीत अक्षरी लिहीत गेलं, तर सी हे अक्षर कितीतरी मोठ्या, पुढे सत्तावीस शून्यं असलेल्या आकड्यापर्यंत भेटत नाही. आपल्या पद्धतीने मोजलं तर ते क्रोरमध्येच भेटतं.

मला जे फार उशिरा कळलं ते आता सांगते. चेक इंग्रजीतच लिहिला पाहिजे असा नियम नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे चेकचा कागद हिंदी-इंग्रजीत छापलेला असतो, पण ग्राहक तो हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या भागाच्या भाषेत भरू शकतो. म्हणजे आमच्या घाटंजीत 'चव्वेचाळीस हजार नऊशे चौदा फक्त' हे पुरेसं होतं. ज्या बायांना इंग्रजी येत नाही म्हणून त्या गटाचं सचिवपद घ्यायला मागे सरतात, त्यांना मी हे आता प्रत्येक बैठकीत सांगते.

पोरगी मात्र इंग्रजी सोडायला तयार नव्हती, तिला खेळ सापडला होता. कुठलाही आकडा इंग्रजीत लिहायचा, अक्षरं मोजायची, जो आकडा येईल तो पुन्हा लिहायचा. आम्ही चेकची रक्कमच घेतली. फोर्टी-फोर थाउजंड नाइन हंड्रेड अँड फोर्टीन, अक्षरं भरली एकोणचाळीस. थर्टी-नाइनची दहा. टेनची तीन. थ्रीची पाच. फाइव्हची चार. आणि फोरची चारच! कुठूनही निघा, शेवटी चारावर येऊन थांबायचं, कारण इंग्रजीत जितका आकडा तितकीच अक्षरं असलेला शब्द तेवढा एकच आहे. दुसरा खेळ तिने वहीवर दहा वेळा तपासला. इलेव्हन प्लस टू आणि ट्वेल्व्ह प्लस वन, दोन्हीची बेरीज तेरा, दोन्हीत अक्षरं तेरा, आणि अक्षरंही तीच, फक्त जागा बदललेल्या.

मग तिने पाटी पुसली आणि विचारलं, "मराठीत कोनावर येते वो काकू?" मला माहीत नव्हतं. तिने एकपासून लिहायला घेतलं. एक, दोन अक्षरं. दोन, दोन अक्षरं. तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, सगळ्यांची दोनच. पंधरा लिहिलं: तीन. तीनची दोन. चव्वेचाळीस लिहिलं, जोडाक्षराला एकच धरायचं असं आम्ही ठरवलं, भरली पाच. पाचची दोन. ती अंधार पडेपर्यंत आकडे टाकत होती, आणि दर वेळी पाटीवर शेवटचा शब्द येत होता, दोन.